शंकासुर आणि उकळलेली पूड

आमच्या कोर्सचं पूर्ण नाव सांगायचं तर मध्ये एकदा थांबून श्वास घ्यावा लागतो. अर्धा कोर्स जीवशास्त्राचा, अर्धा व्यवसायाचा. सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि दुपारी गिऱ्हाइकाच्या मनात काय चाललंय त्यावर भाषणं ऐकायची. आम्ही त्याला नुसतं 'जोडकोर्स' म्हणायचो. घरी कुणी विचारलं, की बाई, हे शिकून तू पुढे होणार कोण, तर माझी फे फे उडायची. माझे मामा म्हणाले होते, "म्हणजे धड डॉक्टर नाही आणि धड दुकानदार नाही. मग आहेस तरी काय?" मी त्यांच्याच हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर बसत होते आणि ती खुर्ची सोडून शिकायला आले होते. त्यामुळे असं विचारायचा त्यांना हक्क होता.

कोर्सच्या दोन इमारती होत्या आणि त्यांच्या मधून भर रहदारीचा रस्ता जात होता. प्रयोगशाळेत पांढरा कोट हवा. व्यवसायाच्या इमारतीत भाषण द्यायचं असेल त्या दिवशी काळा कोट हवा. म्हणून आम्ही सगळेजण फूटपाथवर उभे राहून कोट बदलायचो आणि येणारे-जाणारे आमच्याकडे बघत राहायचे. शंकासुरला मी पहिल्यांदा पाहिलं ते तिथेच. बाईसाहेबांनी दोन्ही कोट एकावर एक चढवले होते आणि घामानं निथळत उभ्या होत्या.

"अगं, हे काय?" मी विचारलं.

"बघतेय, वेळ वाचतो का. उकडतं, पण वाचतो. तू कधी बघितलंस का किती वेळ जातो तुझा यात?"

मी कशाला बघतेय! पण त्या दिवसापासून कोट काढताना माझी नजर घड्याळाकडे जायला लागली. तिच्याबरोबर राहायचं म्हणजे हा असा ताप. शंकासुर हे नाव मीच ठेवलं आणि आठवड्याभरात सगळ्या वर्गाच्या तोंडी बसलं. तिलाही चालायचं. "निदान खरं तरी आहे," म्हणायची.

आम्ही दोघी एकाच खोलीत राहायचो. दोन पलंग, एक टेबल, एक खिडकी. त्या खिडकीत तिनं वेगवेगळ्या बेकऱ्यांच्या पावाचे तुकडे मांडून ठेवले होते, कुठल्याला आधी बुरशी लागते ते बघायला. शेजारी माझा टूथब्रश! एका सकाळी माझं डोकं फिरलं आणि मी सगळे तुकडे उचलून केरात टाकले. आता ही भांडणार म्हणून मी कमरेला पदर खोचल्यासारखी तयार होते. तर ती पलंगावर उठून बसली आणि म्हणाली, "टाकलेस ते टाकलेस. पण टाकताना बघितलंस का, कुठल्याला जास्त लागली होती?"

आणि मी बघितलं होतं हो! स्वस्तातल्या पावाला सगळ्यात कमी लागली होती. ते मी तिला सांगितलं आणि मग स्वस्तातल्या पावात असं काय घालतात यावर आम्ही पहिलं लेक्चर बुडेपर्यंत बोलत बसलो.

कोर्सला येण्याआधी ती एका इस्पितळात रक्त तपासायच्या विभागात होती. काम चांगलं, नोकरी पक्की. पण तिथं तिला सांगून ठेवलेलं, की आकडा काढायचा आणि वर पाठवायचा, हा माणूस कोण, त्याचं पुढे काय झालं, हे विचारायचं नाही. तेवढंच तिला जमेना. ती नोकरी सोडून आली. तिच्या आईला हे इतकं लागलं होतं की शेजारीपाजारी ती अजून 'रजेवर' आहे असंच सांगायची. दर रविवारी फोनवर माय-लेकींचं एकच चालायचं. "इस्पितळातल्या तुझ्या मोठ्या बाई परवाच भेटल्या. तुझी जागा अजून भरलेली नाही म्हणाल्या." शंकासुर हं हं करायची आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ नखं खात बसायची. तिला परत जायचं नव्हतं. मलाही मामांच्या गल्ल्यावर परत बसायचं नव्हतं. आमची दोघींची गाडी एकाच जागी अडकली होती.

दुसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी जोड्या लावल्या. एक मुलगी विज्ञानाकडून आलेली, एक व्यापाराकडून आलेली. माझ्या वाट्याला अर्थातच ही आली. आमच्यावर दोन मार्गदर्शक होते. पलीकडच्या इमारतीतले जीवाणूवाले सर आणि अलीकडच्या बाजारवाल्या मॅडम. सरांचं एकच म्हणणं, "ज्याला तुलना नाही त्याला माझी सही नाही." मॅडमचंही एकच म्हणणं, "गिऱ्हाईक खूश ना? मग झालं." या दोघांच्या मध्ये आम्हाला अख्खं वर्ष काढायचं होतं. नाकी नऊ आले.

प्रकल्प मिळाला तो ताईंच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला तीन खोल्या. एकीत स्टीलची उंच टाकी, तिच्यात जीवाणू वाढायचे. दुसरीत ते पांढऱ्या भुकटीत मिसळून वाळवायचे ट्रे. तिसरीत एक लांब टेबल आणि पुड्या भरणाऱ्या एक बाई. ताई आयुष्यभर संशोधन संस्थेत मातीवर काम करून निवृत्त झाल्या होत्या आणि मग स्वतःचं सगळं पणाला लावून हे त्यांनी उभं केलं होतं. कुंडीतल्या मातीत ही पूड घातली की झाड जोमानं वाढतं, हे त्यांचं म्हणणं. "मला मॅडम नका म्हणू, ताई म्हणा," असं पहिल्याच दिवशी सांगितलं आणि टाकीवर हात ठेवून म्हणाल्या, "ही माझी पिल्लं."

शंकासुरनं लगेच विचारलं, "यांना रात्री थंडी लागते का?"

ताई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी आम्हाला तासभर टाकीभोवती फिरवलं. निघताना म्हणाल्या, "मला दोन माणसं हवी आहेत. एक पिल्लांकडे बघणारी, एक बाजाराकडे. प्रकल्प नीट करा, मग तुम्हालाच घेईन. टेबलं मागवून ठेवते."

मला तर आकाश ठेंगणं झालं. परतताना बसमध्ये मी माझ्या टेबलावर काय काय ठेवायचं ते ठरवत होते. शंकासुर खिडकीतून बाहेर बघत होती. "घरी चालतं का पण?" ती म्हणाली. "काय घरी चालतं का?" "पूड. ताईंनी सगळे प्रयोग काचघरात केलेत. तिथं पाणी यंत्रानं घालतात, ठरल्या वेळी, सगळ्यांना सारखं. घरी कोण घालतं असं?" मी म्हटलं, "तू जरा गप्प बसशील का? टेबल मिळतंय ना!"

प्रकल्प साधा होता. एका मोठ्या वसाहतीत घरोघर मिरचीची रोपं द्यायची, एकाच रोपवाटिकेतली, एकाच मापाच्या कुंडीतली. बहुतेकांना सोबत ताईंच्या पुड्या. काहींना नुसतंच रोप, म्हणजे तुलना झाली. पुडीवर छापलेलं होतं, 'एक दिवसाआड चिमूटभर पूड कपभर पाण्यात कालवून घालावी.' ठरलेल्या महिन्यांनंतर परत जायचं, मिरच्या मोजायच्या, फोटो काढायचे आणि लोकांना विचारायचं की पुन्हा घ्याल का. पुड्या भरून आणायचं काम शंकासुरचं, लोकांशी बोलायचं माझं. दुकानात वाढलेली मी, बोलण्यात कुणाला हार जात नाही.

आणि काय सांगू, निकाल असा लागला की मीच तोंडात बोट घातलं. पुडीवाल्या घरांत मिरच्या लगडल्या होत्या. लोक दारातच हात धरून आत नेत होते. एक निवृत्त शिंपी आजोबा तर म्हणाले, "पोरी, माझ्या हातून आजवर एक रोप जगलं नव्हतं. हे बघ, हे बघ!" आणि प्रत्येक मिरचीला हात लावून दाखवली. नुसतं रोप दिलेल्या घरांत मात्र निम्मी झाडं माना टाकून बसलेली. मी धावत कारखान्यात गेले आणि ताईंना सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुड्या भरणाऱ्या बाईंनी चहा केला. दोन्ही टेबलं खरंच येऊन पडली होती, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली.

शंकासुर मात्र त्या आठवड्यात जेवेना. मला वाटलं, तिच्या आईचा फोन आला असेल. शेवटच्या सादरीकरणाच्या आधीच्या रविवारी मी आमचे तक्ते रंगवत बसले होते, तर ती समोर येऊन बसली.

"तुला एक सांगायचंय. ओरडू नकोस."

"म्हणजे ओरडण्यासारखं आहे."

"पुड्यांपैकी अर्ध्या मेलेल्या होत्या."

मला कळेचना. मग तिनं नीट सांगितलं. ताईंची पूड आणल्यावर तिनं त्यातली अर्धी प्रयोगशाळेतल्या प्रेशरच्या भांड्यात घातली होती. मोठा कुकरच म्हणा ना तो. त्या उष्णतेत जीवाणू सगळे मेले. मग ती पूड पुन्हा वाळवून तशीच पुड्यांत भरली. जिवंत पुडीचा उजवा कोपरा कापलेला, मेलेल्या पुडीचा डावा. सरांना माहीत होतं. मला नाही, ताईंना नाही.

"अगं पण का?"

"कारण काहीतरी मिळालं म्हणूनच लोक खूश होत असतील तर? ते कळायला तसंच दिसणारं, पण काहीच न करणारं काहीतरी द्यायला हवं. औषधांचं असंच करतात. इस्पितळात मी हेच बघत आलेय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला माहीत असतं तर जिवंत पुडीवाल्या घरात तू जास्त गोड हसून विचारलं असतंस. तुझा दोष नाही. माणूस करतोच तसं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मी, तिची जोडीदार, तिच्या खोलीत झोपणारी, तिच्या प्रयोगातला एक उंदीर होते! मी तिला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ती ऐकत राहिली. मग मला खरा प्रश्न सुचला.

"थांब. मेलेल्या पुडीचं काय झालं?"

"तेच तर. दोन्ही सारख्याच. मेलेल्या पुडीच्या मिरच्यासुद्धा तशाच लगडल्यात. शिंपी आजोबांची पुडी मेलेलीच होती."

मी कपाळावर हात मारून घेतला. संपलं सगळं. ताईंची पिल्लं काही करत नाहीत, हे आम्ही ताईंच्याच तोंडावर सांगायचं आणि वर त्यांच्याकडे नोकरी मागायची. मी तिला म्हटलं, "हे कुणाला सांगू नकोस. सरांना समजाव. पुडी दिली आणि पुडी नाही दिली, एवढंच दाखवू. ते खोटं नाही." ती म्हणाली, "खोटं नाही, पण खरंही नाही." आणि पुढच्याच श्वासाला तिचे डोळे चमकले. "पण तुला नवल नाही वाटत? मेलेल्या पुडीनं रोपं वाढली कशी? काहीतरी तर केलंच ना तिनं!"

आग लागो तुझ्या नवलाला, असं मी म्हणाले. पण खोटं कशाला बोलू, ते माझ्याही डोक्यात घुसलं होतं. सादरीकरणाला दिवस थोडे होते आणि आम्ही दोघी पुन्हा त्या वसाहतीत जिने चढत होतो.

शिंपी आजोबांनी आम्हाला बसवलं. शंकासुरनं सरळ विचारलं, "आजोबा, पूड घालताना तुम्ही नेमकं काय करता? करून दाखवा." आजोबा उठले, कपात पाणी घेतलं, पूड कालवली, ओतली. मग बोटानं माती खाली दाबली. एक पिवळं पान खुडलं. पानांच्या मागे किडा आहे का ते चष्मा सावरून बघितलं. कुंडी उचलली आणि उन्हाच्या बाजूला सरकवली.

"हे सगळं पुडीवर लिहिलेलं नाही," शंकासुर म्हणाली.

"लिहायला कशाला हवं? पूड घालायला जवळ गेलो की दिसतं. आणि तुम्ही परत येऊन विचारणार होतात ना! मेलेलं रोप काय दाखवणार होतो तुम्हाला?"

आम्ही जिन्यातच बसकण मारली. पूड हे निमित्त होतं. एक दिवसाआड लोकांना कुंडीपाशी नेऊन उभं करायचं काम तिनं केलं, आणि कपभर पाणी त्या निमित्तानं रोपाला मिळत गेलं. घरोघर विचारलं, सगळीकडे तेच. नुसतं रोप मिळालेले लोक मात्र सांगत होते, की हो, राहून जायचं बघा पाणी घालायचं.

शेवटी एक ट्रकवाले काका राहिले होते, मिरच्या मोजायला गेलो तेव्हा त्यांच्या दाराला कुलूप होतं. एकटेच राहणारे, चार दिवस घरी तर आठ दिवस रस्त्यावर. त्यांची गॅलरी धुळीनं भरलेली आणि मधोमध मिरचीचं रोप मात्र हिरवंगार.

"काका, पाणी कोण घालतं?"

"कोण घालणार? आलो तर घालतो. पूड पहिल्यांदा दोन-तीनदा घातली, मग विसरलो. कशाला खोटं बोलू!"

शंकासुरनं पुडी उचलून बघितली. उजवा कोपरा कापलेला. जिवंत. ती खाली वाकून मातीचा वास घ्यायला लागली. काका माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "बरी आहे ना ही?"

खालच्या मजल्यावर एक नर्स राहायच्या, त्याही आधीच्या फेरीत भेटल्या नव्हत्या. त्यांच्याही पाळ्या अशाच वेड्यावाकड्या, त्याही विसरायच्या. त्यांची पुडी मेलेली होती आणि रोप वाळून काडी झालं होतं.

मी जिन्यातच उडी मारली. "सापडलं! तुझ्या ताईंची पूड विसरणाऱ्यांसाठी आहे! पाणी कमी पडलं की जिवंत पूड रोपाला तगवते. काचघरात पाणी बेताचंच देत असणार, म्हणून तिथं फरक दिसला. इथं सगळे कौतुकानं पाणी घालत बसले, म्हणून दिसला नाही. अगं, झाडांची हौस असलेल्यांना विकायचीच नाही ही! ज्यांची रोपं मरतात त्यांना विकायची. अशी माणसं किती आहेत जगात!" दोन वर्षांत पहिल्यांदाच मला वाटलं, की या जोडकोर्सनं मला काहीतरी दिलं.

"दोन घरं आहेत," शंकासुर म्हणाली.

"मग?"

"दोन घरं म्हणजे निकाल नाही. प्रश्न आहे. चांगला प्रश्न आहे, पण प्रश्न."

"आपल्या नोकऱ्या जातील गं! तुझी आई काय म्हणेल?"

तिचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण मी बोलून बसले होते. ती पायरीवरची धूळ बोटानं ओढत राहिली. मग म्हणाली, "मला परत जायचं नाहीये. खूप भीती वाटतेय मला. पण तिथं न विचारता आकडा वर पाठवत होते. इथंही तेच करायचं असेल तर मग मी आले कशाला?" मी हात टेकले.

सादरीकरणाला मॅडम पुढे बसल्या होत्या, सर मागे, आणि ताई मधोमध. ताईंनी त्या दिवशी छान कोट घातला होता. मी सुरुवात केली. लोक किती खूश आहेत, ते सांगितलं. ताई मान डोलावत होत्या. मग शंकासुर उठली आणि तिनं सगळं सांगितलं, जसंच्या तसं. मेलेली पूड, डावा कोपरा, उजवा कोपरा, सारख्या मिरच्या. शिंपी आजोबा. आणि शेवटी दोन घरं, प्रश्न म्हणून.

सर समाधानानं दाढी कुरवाळत होते. मॅडम म्हणाल्या, "पण गिऱ्हाईक तर दोन्हीकडे खूशच आहे! मग विकायला अडचण काय?" कुणी हसलं नाही. मी ताईंकडे बघत होते. त्यांनी समोरचा पेला उचलला आणि पाणी न पिताच खाली ठेवला.

"तू माझी पिल्लं उकळलीस," त्या शंकासुरला म्हणाल्या. "आणि मला विचारलं नाहीस."

"चुकलं ताई. विचारायला हवं होतं."

"का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात?"

ताईंनी पर्स काखेत घेतली. मग म्हणाल्या, "नाही. नसते म्हणाले." आणि उठून गेल्या.

आम्ही पास झालो. सरांनी आणि मॅडमनी दोघांनीही चांगले गुण दिले, प्रत्येकानं वेगळ्या कारणासाठी. पुढच्या आठवड्यात ताईंनी मला बोलावलं, एकटीलाच. म्हणाल्या, "तू ये. तिला नको. तिचं काम चांगलं आहे, मला कळतं. मीही आयुष्यभर हेच केलंय. पण ती समोर बसली तर मला रोज धास्ती वाटेल, की आज ही काय सांगणार. या वयात मला ती धास्ती झेपायची नाही."

मी नोकरी घेतली. साळसूदपणाचा आव आणत नाही, मला ती हवी होती. शंकासुरला सांगितलं तेव्हा तिनं मला मिठी मारली आणि म्हणाली, "विसरणारी माणसं शोधायची कशी, ते तू शोध हं. कुणी आपण होऊन कबूल करत नाही." मग ती बॅग भरून गेली आणि दोन दिवसांनी इस्पितळात रुजू झाली. तिच्या आईनं शेजारीपाजारी सांगितलं की रजा संपली. मला खोली खायला उठली. मी इतकी रडले की शेजारच्या मुली विचारायला आल्या, काय झालं.

ताईंच्या कारखान्यात माझं टेबल खिडकीपाशी होतं. दुसरं टेबल तसंच प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. मी पुडी विकायला बाहेर पडायचे, पण तोंड उघडलं की शब्द अडायचा. पूर्वी कशी पोपटासारखी बोलायचे! आता दुकानदार विचारायचा, खरंच चालते का हो, आणि मी म्हणायचे, बहुतेक. बहुतेक म्हणून कुणी काही विकलंय का कधी? ताईंना हे कळलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण बसली नाहीत.

एका दुपारी त्या पुड्या भरायच्या टेबलाशी बसल्या होत्या. त्या बाईंना मदत करत होत्या, नेहमीसारख्या. भरता भरता थांबल्या. एक पुडी तळहातावर घेऊन बघत बसल्या. बाईंनी विचारलं, "ताई, काय झालं?"

"काही नाही. प्रत्येक पुडी भरताना वाटतं, यातली पिल्लं मेलेली असती तरी काही बिघडलं असतं का? पूर्वी कधी वाटलं नव्हतं. आता दिवसभर दुसरं काही वाटतच नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्या ट्रकवाल्यांकडे मी जाऊन आले. रोप जिवंत आहे अजून. ते पंधरा दिवस घरी नव्हते. का जिवंत आहे, ते मला कळायलाच हवं. फोन लाव तिला."

मी लावला. नंबर दोनदा चुकला. पलीकडून इस्पितळातली यंत्रं घरघरताना ऐकू येत होती. मी म्हटलं, "ताई तुला बोलावतायत. कामाला." ती म्हणाली, "त्या स्वतः म्हणाल्या?" मी फोन ताईंच्या हातात दिला.

"मीच म्हटलं," ताई म्हणाल्या. "ये. टेबल आहे."

शंकासुर काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. ताई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू कसानुसा होत गेला. त्यांनी टाकीच्या खोलीकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं, हिनं पुन्हा काहीतरी विचारलं.

"अर्धी?" ताई म्हणाल्या. "मीच? माझ्या हातानं?" मग पुन्हा ऐकत राहिल्या. "आणि तुलाही सांगायचं नाही, कुठली मेलेली ते? कुणालाच नाही?"

पलीकडून उत्तर आलं असणार. ताईंनी तळहातावरची पुडी टेबलावर ठेवली. मग "बरं" म्हणाल्या, इतक्या हळू की मलाही जेमतेम ऐकू आलं, आणि फोन माझ्यापुढे ठेवला. पदरानं डोळे पुसले, हात धुतले आणि पुड्या भरणाऱ्या बाईंना विचारलं, "आपला मोठा कुकर कुठंय हो?"